तकदीर आणि आपली जबाबदारी



2021 च्या उन्हाळ्यातील कोरोनाचे दिवस आपण विसरला नसाल. आमच्या हिमायतनगरात हातगाडीवर फळे विकणाऱ्या एका गृहस्थाच्या जनाजाची नमाज मी पढवली. दफनविधीनंतर त्यांच्या मुलाचे सांत्वन करताना म्हणालो, "बेटा, मृत्यूची घटका ठरलेली असते." तो मान खाली घालून म्हणाला, "मौलाना, पलीकडच्या गल्लीतल्या सेठनाही हाच आजार झाला. त्यांची मोटार भोकरमार्गे त्याच रात्री नांदेडला पोहोचली, ते बरे होऊन आले. आम्हाला गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. घटका फक्त गरिबाचीच ठरलेली असते का?"

मी निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या मुलाला अजून देणे लागतो.

प्रत्येक जिवाची मुदत अल्लाहकडे निश्चित आहे, ही आपली श्रद्धा आहे आणि तीत तिळमात्र संदेह नाही. परंतु ती मुदत जाणणे हे आपले काम नाही. आपल्याला हिशेब द्यायचा आहे तो आपल्या हाती सोपविलेल्या अमानतीचा.

शामच्या प्रदेशात ताऊनची साथ पसरली, तेव्हा खलीफा हजरत उमर (रजि.) सर्ग येथून माघारी फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे का? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा : आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. दरीचा एक उतार हिरवा आणि दुसरा उजाड असेल, तर उंट कोठेही चरले तरी ती तकदीरच. पण हिरवा उतार सोडून उजाड उतारावर उंट नेणारा दोषी ठरणार नाही काय?

वाचकहो, त्या फळविक्रेत्याने उजाड उतार स्वतः निवडला नव्हता. हिरव्या उताराकडे नेणारे साधन त्याच्यापाशी नव्हते, ते इतरांपाशी होते.

शंभर वर्षांपूर्वीचाही दाखला आहे. 1918 मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. त्या तापावर खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. तरीही शहराच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार युरोपियनांत दर हजारी 8.3 आणि पारशांत 9 माणसे दगावली, मुस्लिमांत 19.2, तर ज्यांची नोंद खालच्या जातीचे हिंदू अशी झाली होती, त्यांच्यात 61.6! मलकुल मौत जात विचारून येत नाही. अंतर होते ते दाटीच्या खोल्यांचे, अर्धपोटी शरीरांचे आणि उशाशी बसून पाणी पाजणाऱ्या माणसाच्या अभावाचे. यातला कोणता अभाव माणसाला दूर करता आला नसता?

स्वतःच्या दुःखात 'तकदीर' म्हणणे हा सब्र आहे. शेजाऱ्याला साधन नाकारून त्याच्या मृत्यूला 'तकदीर' म्हणणे ही पळवाट आहे. त्या दिवशी मी सब्राचा शब्द पळवाटेसारखा वापरला. अल्लाह मला क्षमा करो.

आपल्या मशिदींत जनाजाची खाट सदैव सज्ज असते. जिवंत रुग्णासाठी काय सज्ज आहे? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीत जखमींसाठी तंबू उभारला गेला होता, हजरत रुफैदा (रजि.) तेथे शुश्रूषा करीत. ही सुन्नत आपण विसरलो.

म्हणून प्रत्येक मशीद समितीने वाहनधारकांची यादी आणि त्यांचे क्रमांक दारावर लावावेत. ऑक्सिजनचे दोन सिलिंडर ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी कागदपत्रे घरोघरी आधीच तयार करून द्यावीत. जकातीची रक्कम गरजू रुग्णाच्या मालकीची व्हावी. सिलिंडर आणि वाहन यांसाठी सदका व इमदाद काढावी. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिकामी असतील, तर ती भरण्याची मागणी सर्व समाजबांधवांसह करावी, कारण तो हक्क आहे. आणि गाडी काढताना रुग्णाचा धर्म वा वस्ती विचारू नये. एक जीव वाचविणे म्हणजे अखिल मानवजात वाचविणे, ही कुरआनची शिकवण आहे.

त्या मुलाला मी आता एवढेच सांगेन : बेटा, घटका तुझ्या वडिलांचीही ठरलेली होती आणि सेठचीही. मात्र ते तीन दिवस आमच्या हिशेबात लिहिले गेले आहेत. अल्लाह मरहूमना जन्नत देवो आणि आम्हाला पुढच्या रुग्णापाशी वेळेवर पोहोचण्याची तौफीक देवो. आमीन.