कुंपण ओलांडलेला माड

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मी पुण्यात होतो. आमच्या बंद घराच्या वाडीतला एक माड शेजारच्या काकूंच्या पडवीवर पडला. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. काकू माजघरात होत्या म्हणून वाचल्या. टाळेबंदीत पास मिळवून मी गावी पोचलो, तोवर पडवीवर ताडपत्री आली होती. मी विचारपूस करायला गेलो होतो. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "पडवीचं काय करायचं?"

"वादळच तसं होतं, काकू. गावात उभं काय राहिलंय?"

"वादळाला नाही विचारत. तुला विचारतेय."

कायद्याचं मी थोडंफार वाचलेलं आहे. ते मी त्यांच्यापुढे मांडलं. माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीत दोष धरत नाहीत. मालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. राजकोटला रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला होता. त्याच्या विधवेच्या बाजूने लागलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली फिरवला, महानगरपालिकेला जबाबदार धरलं नाही.

"महानगरपालिकेची झाडं किती?"

"हजारो असतील."

"तुझे माड किती?"

"सोळा."

काकूंनी कप उचलून आत नेला. परत आल्या त्या थेट मुद्द्यावर. "खोडाला भोकं पडलीत, लाल रस गळतोय, हे मी तुला आदल्या गणपतीत दाखवलं होतं."

दाखवलं होतं. सोंड्या भुंगा लागला की माड वरून हिरवा दिसतो आणि आतून पोखरला जातो. मी 'बघतो' म्हणालो होतो आणि पुण्याला परतलो होतो. पण त्या क्षणी मला वेगळंच सुचलं, आणि ते मला खरोखर बिनतोड वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही सांगितलंत म्हणून मी दोषी. नसतं सांगितलं तर?"

"तर न बघितल्याचा दोषी."

"मी इथे राहतच नाही, बघणार कसा?"

"तेच तर म्हणतेय. जो इथे राहतो, रोज माडाखालून जातो, त्याला भोक दिसतं. त्याचा माड पडला तर तो गुन्हेगार, कारण त्याला ठाऊक होतं. जो वर्षात एकदा येतो त्याला काही दिसत नाही, म्हणून तो सुटला. मग गावात राहणं हाच गुन्हा झाला की रे."

इथे मी अडकलो, आणि अजून अडकलेलोच आहे. कायदा फक्त 'ठाऊक होतं का' एवढंच विचारत नाही, 'ठाऊक असायला हवं होतं का' हेही विचारतो. पण असायला हवं म्हणजे किती? शहाण्या मालकाने वर्षातून किती वेळा खोड पाहावं? आमच्या आळीत निम्म्याहून अधिक घरांना कुलूप आहे. सगळ्या मालकांना हा प्रश्न विचारला तर सगळे एकच उत्तर देतील, की आम्ही इथे नसतो. मी म्हटलं, "दोनदा पाहिलं तर पुरेसं, असं ठरवणार कोण?"

"नारळ काढायला गडी किती वेळा पाठवतोस?"

"चारदा."

"मग चारदा."

मी गप्प बसलो. त्यांना मात्र आणखी सांगायचं होतं. "तुझे नारळ माझ्या अंगणात पडतात. एकही मी चुलीपाशी नेला नाही, पोत्यात भरून तुझ्यासाठी ठेवते. नारळ कुंपण ओलांडून आला तरी तुझा. मग माड कुंपण ओलांडून आला तर वाऱ्याचा कसा?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी दुसरीकडे वळलो. अशीच भीती घातली तर प्रत्येक जण घराजवळची झाडं तोडून मोकळा होईल, असं मी म्हणालो. आणि ते मला अजूनही पटतं. समुद्राकडून आलेला वारा आधी आमच्या वाडीवर आदळला. सोळा माड आणि सुपारीची दाटी मध्ये नसती तर काकूंचं सगळं छप्पर गेलं असतं. "घर वाचलं ते या झाडांनी. त्याचं काहीच नाही, आणि पडवी मोडली ती मात्र माझ्या नावावर?"

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माडांनी वाचवलं, खरं आहे. तू काय केलंस?"

दिवाळीला पुन्हा गेलो. दरम्यान सरकारने पडलेल्या नारळाच्या झाडामागे २५० रुपये आणि सुपारीमागे ५० रुपये जाहीर केले होते. पंचनाम्यात तो माड आमचं नुकसान म्हणून लिहिला गेला होता. वाशांचे आणि कौलांचे पैसे मी पाकिटात घालून नेले होते. काकूंनी पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"मदत म्हणून देतोयस की देणं म्हणून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"मदत असेल तर मला आभार मानावे लागतील."

देणं म्हटलं, तर उरलेल्या पंधरा माडांचंही देणं मी कबूल केल्यासारखं होतं. सातबाऱ्यावर माझ्याबरोबर पाच चुलत भावंडांची नावं आहेत आणि एक माड तोडायचा तर सगळ्यांना विचारावं लागतं. हे मी सांगू लागलो, तेव्हा त्या उठल्या. काठी घेऊन कुंपणाच्या खिंडीतून आमच्या वाडीत शिरल्या. त्यांच्या न्हाणीघराकडे झुकलेल्या एका माडापाशी थांबल्या आणि काठीने खोडावर एक जागा दाखवली.

"कान लाव."

मी कान लावला. आत काहीतरी कुरतडत होतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"आता तुला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.