झाकलेले दुःख

घरात कोणास ताप आला, तर आपण त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाव घेतो. परंतु कॉलेजात जाणारा मुलगा रात्ररात्र जागू लागला, नसलेले आवाज ऐकू लागला, सख्ख्या आईवर संशय घेऊ लागला, तर आपण दार लावून घेतो. लोक काय म्हणतील? बहिणीचे लग्न कसे जमेल? ही माया, की मायेच्या नावाने केलेली हेळसांड?

हा मनोविकार बहुधा ऐन तारुण्यात प्रथम डोके वर काढतो. उपचारास जितका विलंब, तितके बरे होणे कठीण. हे ओळखून डॉ. पॅट्रिक मॅकगोरी यांनी १९९२ साली मेलबर्न येथे तरुणांसाठी केंद्र उभारले. तेथे औषध बेताचे. जोडीला समुपदेशन, कुटुंबास मार्गदर्शन, आणि शिक्षण वा नोकरी सुटू नये म्हणून साह्य. उलट २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांपैकी २८ जण प्राणास मुकले. त्यांच्यापैकी अनेकांना आप्तांनी बरे होण्याच्या आशेनेच तेथे नेले होते.

कोणी म्हणेल, तरुणपणी चित्त भरकटतेच. उगाच वेडाचा शिक्का का मारावा? शंका रास्त आहे. परंतु तपासणी म्हणजे शिक्का नव्हे. शिक्का मारते ती आपली कुजबुज.

अंगारा मागावयास आलेल्या मातेस आम्हीही केवळ अंगारा देऊन वाटेस लावले आहे. तो अवश्य द्यावा. पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे, सोबतही जावे. १४४१६ या शासकीय दूरध्वनीवर सल्ला विनामूल्य मिळतो. दारे बंद होतात ती आपल्याच भयाने. ती उघडणे आपल्याच हाती आहे.