जो लंडनला भेटायला येतो तेव्हा



कॉलेजात असताना चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी परीक्षेपुरती वाचली होती. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा हाती घेतली आणि एका प्रसंगापाशी पुस्तक मिटून ठेवावे लागले.

इंग्लंडमधील केंटच्या दलदलीच्या प्रदेशात पिप नावाचा अनाथ मुलगा थोरल्या बहिणीकडे वाढतो. बहीण तापट, हात उगारणारी. तिचा नवरा जो हा लोहार मात्र फार मायाळू. पिपला श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यावर खेळायला बोलावतात. तिथली एस्टेला त्याच्या खरबरीत हातांना आणि जाडजूड बुटांना हसते. त्या दिवसापर्यंत पिपला स्वतःच्या हातांची कधी लाज वाटली नव्हती! पुढे कुणा अज्ञात दात्याकडून त्याला पैसा मिळू लागतो आणि तो ‘जंटलमन’ व्हायला लंडनला जातो.

तिथे जो त्याला भेटायला येतो. अंगावर ठेवणीतले कपडे, पण टोपी कुठे ठेवावी ते त्या बिचाऱ्याला कळत नाही. शेकोटीवरच्या फळीवर ठेवतो, ती सारखी खाली पडते. ज्या पिपला त्याने पाठुंगळी घेतले, त्याला तो ‘सर’ म्हणतो. आणि पिपच्या मनात काय, तर पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर बरे झाले असते.

मी थांबलो तो इथेच. सेमिनरीत असताना माझे वडील वसईहून मला भेटायला आले होते. धोतर, डोक्यावर लाल टोपी, हातात सुकेळ्यांची पिशवी. शहरातले सोबती मागे उभे होते. मी फाटकापाशीच गाठून त्यांना म्हणालो, “आत नको, वर्ग चालू आहे.” वर्ग नव्हता. “तुझा तास बुडेल, जा तू,” असे म्हणून पिशवी देऊन ते स्टेशनकडे वळले.

अंगणातल्या शेकोटीजवळ ‘मी त्याला ओळखत नाही’ असे पेत्र म्हणाला, तेव्हा त्याला निदान जिवाची भीती होती. मला कसली होती?

डिकन्सला ही लाज घरची होती. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले. १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवत होता. एवढा नावाजलेला लेखक, पण ही गोष्ट त्याने जगापासून लपवली. १८७० साली तो वारल्यावर मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली.

पिपचा दाता कोण निघतो? मॅग्विच नावाचा कैदी. लहानपणी एका नाताळच्या सकाळी पिपने घरातून चोरून त्या पळालेल्या, भुकेल्या माणसाला खायला नेले होते. ते न विसरता त्याने ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखून पैसा जमवला. ज्या ऐटीपायी पिपला लोहार नकोसा झाला, तिचा खर्च एक कैदी भागवत होता! मॅग्विच पुन्हा पकडला जातो, त्याची मालमत्ता सरकारजमा होते. तो तुरुंगात मरतो तेव्हा त्याचा हात पिपच्या हातात असतो. शुभवर्तमानातल्या जकातदाराची प्रार्थना पिप त्याच्यासाठी म्हणतो. मला वाटते, ती त्याने जकातदारासारखीच स्वतःसाठीही म्हणायला हवी होती.

मग पिप कर्जात बुडून आजारी पडतो. शुश्रूषेला येतो तो जो. पिप बरा होऊ लागताच त्याच्या तोंडी पुन्हा ‘सर’ येते. पिपचे कर्ज फेडून, पावती मागे ठेवून तो पहाटे गुपचूप निघून जातो. क्षमा मागायला पिप त्याच्यामागे गावी जातो.

मीही त्या वर्षी सुट्टीत घरी गेलो होतो. जेवताना वडिलांनी विचारले, “त्या दिवशी तास मिळाला ना तुला?” मी मान हलवली. वर्ग नव्हता हे त्यांना ठाऊक होते का, हे मी कधी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.