गाडी थांबते तेव्हा

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये 27:9 ते 28:10



प्रवासाला निघण्यापूर्वी प्रार्थना करण्याची चांगली चाल आपल्या ख्रिस्ती घरांत आहे. सामान बांधून होते, दाराला कुलूप लागण्याची वेळ येते आणि घरातील वडीलधारे सर्वांना एकत्र बोलावून प्रवास प्रभूच्या हाती सोपवतात. पण वाटेतच गाडी बंद पडली, तर त्या प्रार्थनेचे काय झाले? लहान मूल हा प्रश्न मोठ्याने विचारते. मोठी माणसे तो मनातल्या मनात विचारतात. आज आपण या प्रश्नाला सामोरे जाऊ या.

भिलाईच्या सेक्टर 10 मधील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे कामाला आली आणि त्यांत मराठी माणसेही होती. त्यांची मुले-नातवंडे आज छत्तीसगडची झाली, तरी 'गावाला जाणे' म्हणजे अजूनही महाराष्ट्रात जाणेच. या कुटुंबाने दोन वर्षे पैसे साठवले, रजा मंजूर करून घेतली आणि एक मोठी गाडी ठरवली. मागे गादी, पाण्याचे पिंप, गॅसची शेगडी. जणू चाकांवरचे घरच! नागपूर, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नगर, पुणे आणि पुढे कोकण असा पंधरा दिवसांचा बेत. आजीची इच्छा एकच : ज्या देवळात तिचा बाप्तिस्मा झाला, ते डोळे मिटण्यापूर्वी एकदा पाहावे.

राजनांदगाव मागे पडते, बाघनदीजवळ राज्याची सीमा ओलांडली जाते, देवरीच्या पुढे रान लागते आणि तेथे इंजिनातून वाफ उसळते. गॅस्केट गेलेले असते. दुरुस्तीला आठवडा लागणार, खर्च प्रवासासाठी साठवलेल्या पैशाइतकाच होणार. बेत संपला.

वाचकहो, यानंतर गाडीत काय बोलले जाते, ते आपल्याला सांगावे लागत नाही. "काटा वर चढतोय, असे मी दुर्गलाच सांगितले होते." "तुम्ही कधी कोणाचे ऐकता?" मुलगा म्हणतो, "मी बसने पुढे जातो." आजी काहीच बोलत नाही, आणि तिचे न बोलणेच सर्वांना अधिक लागते.

आता प्रेषित पौलाच्या तारवाकडे पाहा. त्याने आधीच इशारा दिला होता. हिवाळा जवळ आला आहे, पुढे जाण्यात धोका आहे, असे तो म्हणाला. पण शताधिपतीने तारवाच्या मालकाचे आणि सुकाणू धरणाऱ्याचे ऐकले. दक्षिणेचा मंद वारा सुटला तेव्हा बेत सिद्धीस गेल्यासारखाच वाटला. मग वादळ आले. अनेक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, आणि शेवटी वाचण्याची आशाही उरली नाही.

अशा वेळी पौल उभा राहिला. माझे ऐकायला हवे होते, असे तो म्हणाला खरा. पण एकदाच म्हणाला. लगेच पुढच्या वाक्यात त्याने धीर दिला, आणि ती जुनी चूक त्याने पुन्हा उगाळली नाही. सत्य लपवण्यास शास्त्र सांगत नाही. मात्र एकदा उच्चारलेल्या सत्याचा चाबूक करण्यास आपल्याला मोकळीक नाही. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे चांगले ठाऊक असते. यंत्र बंद पडले की बिघाड कोठे आहे हे शोधावेच लागते. परंतु ओरडल्याने कोणतेही यंत्र सुरू झालेले नाही.

आता देवाने पौलाला कोणते वचन दिले, ते नीट वाचा. तारू बुडेल, पण माणूस एकही दगावणार नाही. तुझ्याबरोबर प्रवास करणारे सर्व जण तुला दिले आहेत, हा त्या वचनाचा आशय. वचन लाकडासाठी नव्हते, शिडासाठी नव्हते, मालासाठीही नव्हते. ते त्या 276 जीवांसाठी होते. आपण गाडीसाठी, रस्त्यासाठी, मुक्कामाच्या जागेसाठी प्रार्थना करतो आणि ते योग्यच आहे. पण गाडी थांबली म्हणून प्रार्थना फुकट गेली असे म्हणण्यापूर्वी आपण मोजून पाहावे : गाडीत बसलेली माणसे किती होती, आणि आता किती आहेत?

प्रत्येक बिघाड देवानेच घडवला, असे मात्र कोणी म्हणू नये. वेळेवर पाणी न घातलेल्या इंजिनाचा दोष स्वर्गावर ढकलणे ही भक्ती नव्हे. वादळापूर्वी पौलाचे कोणी ऐकले नाही, ही माणसांचीच चूक होती. तरीही देवाने त्या चुकीच्या वाटेवरील माणसांचा हात सोडला नाही. आपली आशा एवढ्यावर उभी आहे, आणि एवढी पुरेशी आहे.

पुढे खलाश्यांनी एक युक्ती केली. नांगर टाकण्याचे निमित्त करून ते लहान होडीतून निसटू पाहत होते. हे तारवात राहिले नाहीत तर कोणी वाचणार नाही, असे पौलाने बजावले, तेव्हा शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले. प्रत्येक कुटुंबात अशी एक लहान होडी असते. कोणी रागाने निघून जातो, कोणी मौनात निघून जातो. संकटाच्या रात्री तिचे दोर कापावे लागतात. नंतर पौलाने भाकर घेतली, सर्वांसमोर देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. वादळ तेव्हा शमलेले नव्हते. रस्त्याच्या कडेला शेगडी पेटवून चहा करणे आणि हात जोडून आभार मानणे, हे त्याच भाकरीचे धाकटे भावंड आहे.

माल्टा बेटावर अनोळखी लोकांनी पावसात भिजलेल्यांसाठी शेकोटी पेटवली. ज्याच्या तोंडून देवाचे वचन आले, तो पौलही तेथे काटक्या गोळा करत होता. पुढे त्याच बेटावर एका आजारी वृद्धासाठी त्याने प्रार्थना केली आणि तो बरा झाला. ते बेट कोणाच्याही बेतात नव्हते. देवरीच्या रस्त्यावर दोर घेऊन धावून येणारा ट्रकचालक आणि अंगणात खाट टाकून देणारी माउली आपल्या धर्माची नसेल, आपली भाषाही बोलत नसेल. तिच्या हातचे पाणी नम्रतेने घ्यावे, आणि शक्य तर तिच्या घरातील दुखण्याखुपण्याची विचारपूस करूनच निघावे.

याच मुलखातील एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते ते नोकरीसाठी. आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी मंडळीला तिचा कवी मिळाला. तिकीट राजनांदगावचे होते. भेट मात्र वाटेतच ठरलेली होती.

तरी एक प्रश्न उरतो : आजीचे काय? पौल रोमला पोहोचला. परंतु मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहूनच थांबला. काही प्रवास पुन्हा निघत नाहीत. आजार येतो, नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते, वय पुढे सरकते. अशा वेळी "देव दुसरे काही चांगले देईल" असे घाईने सांगू नका. आजीच्या शेजारी बसा आणि त्या देवळाबद्दल विचारा. घंटा कशी वाजे, पाळक कोण होते, नाताळला काय शिजे, ते तिला सांगू द्या. दोन वर्षांच्या तयारीत हे ऐकायला कोणाला सवड झाली नव्हती. गाडी थांबली म्हणून आता ती आहे.

प्रार्थना : हे प्रभो, तू स्वतः वाटेवर थकून विहिरीपाशी बसलास. आमचे बेत मोडतात तेव्हा आमच्या जिभेला आवर घाल. तू आम्हांला दिलेली माणसे आम्हांला मोजायला शिकव, आणि त्यांतील एकालाही आम्ही वाटेत सोडू नये, अशी कृपा कर. आमेन.