आधी लगीन कोणाचं?

कोंढाण्याची गोष्ट मराठी मुलाला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होते. रायबाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तानाजी येतो, मोहिमेचं कळतं, आणि घरचं लग्न तसंच ठेवून तो गड घ्यायला निघतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीविषयी कागदपत्रं किती सांगतात आणि शाहिरांनी भर किती घातली, हा इतिहासकारांचा विषय. पण ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ हे शब्द आपल्या बोलण्यात पुरते मुरले आहेत. देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता, असा वाद निघाला की प्रत्येक पक्ष आपापला कोंढाणा दाखवतो. कुणाचा कोंढाणा सीमेवर असतो, कुणाचा बेरोजगारीत, कुणाचा आरक्षणात, कुणाचा महागाईत. समोरच्याचा प्रश्न म्हणजे रायबाचं लग्न. तो थांबू शकतो, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं.

या गोष्टीतली एक साधी बाब मात्र आपल्या नजरेतून निसटते. पुढे ढकललेलं लग्न तानाजीच्या स्वतःच्या मुलाचं होतं. थांबायचा निर्णय ज्याने घेतला, थांबण्याची किंमतही त्याच्याच घराने मोजली. ही बाब सुटली की तेच वाक्य दुसऱ्याच्या घरचं काम मागे सारायला वापरता येतं. आपल्याकडे ते तसं वापरलं गेलं आहे, आणि त्या वेळी तर वाद खरोखरच लग्नांचा होता.

गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे एका ध्येयाने घराबाहेर पडलेले मित्र. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. पुढे मतभेद इतके वाढले की १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. शाळेच्या पुस्तकांनी हा वाद ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्या सूत्रात बसवला. परीक्षेत ते सूत्र कामाला येतं, पण त्यात दोन्हीकडची तळमळ हरवते.

टिळकांची बाजू आज पुन्हा मांडायला हवी, कारण ती समजून न घेताच तिला सनातनी ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. परक्या सरकारच्या हातून समाज सुधारून घ्यायचा, म्हणजे त्या सरकारला आपल्या घरात न्यायाधीश म्हणून बसवायचं. ज्यांना राज्यकारभारात काडीचा अधिकार नाही, त्यांनी आपसात भांडून उरलीसुरली एकी का घालवायची? काँग्रेसमध्येही हाच विचार होता. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजींनी सांगितलं की या सभेने साऱ्या राष्ट्राचा संबंध असलेल्या प्रश्नांपुरतंच बोलावं. निरनिराळ्या समाजांच्या सुधारणा त्या त्या समाजांकडे सोपवाव्यात. या म्हणण्यात तथ्य होतं. वेगवेगळ्या धर्मांचे लोक एका मांडवात आणायचे, तर प्रत्येकाचा देव्हारा बाहेरच राहू द्यावा लागतो.

पण मग रखमाबाईंचं काय करायचं?

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं गेलं. त्या कधी सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायको माझ्या घरी आणून द्या. पहिला निकाल त्याच्या विरुद्ध गेला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असं त्यांनी कळवलं. टिळक या प्रकरणात त्यांच्या विरुद्ध उभे राहिले. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

त्यानंतर थोड्याच काळात कलकत्त्यात फूलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी लग्नाच्या नवऱ्याच्या हातून मेली. कायद्याने संमतीचं वय दहा होतं, आणि तिने दहा ओलांडलेले होते. त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. किरकोळ कलमाखाली त्याला वर्षभराची शिक्षा झाली. हे वय दहाचं बारा करण्याचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला, आणि त्या दोन वर्षांच्या फरकासाठी महाराष्ट्रातल्या आणि बंगालमधल्या सभा दणाणून गेल्या.

दोन वर्षांचा फरक. आधी राज्य मिळवू, मग घर सुधारू, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्यांच्यापाशी वेळ होता, एवढंच. स्वराज्य वीस वर्षांनी आलं काय आणि पन्नास वर्षांनी आलं काय, वाट पाहणारा माणूस त्या मधल्या काळात लेख लिहीत होता, कॉलेजात शिकवत होता, नातवंडं खेळवत होता. दहा वर्षांच्या मुलीपाशी अकरावं वर्ष होतं फक्त. अग्रक्रमाच्या वादात आपण प्रश्न किती मोठा हे मोजतो. त्या प्रश्नाखाली सापडलेल्या माणसाला किती दिवस काढता येतील हे मोजत नाही.

समाजसुधारक न्यायमूर्ती रानड्यांनी दोन्ही सांभाळण्याची एक वाट काढली होती. १८८७ पासून काँग्रेसचं अधिवेशन संपलं की त्याच मंडपात सामाजिक परिषद भरत असे. मांडव एक, दिवस वेगळे. १८९५ च्या डिसेंबरात अधिवेशन पुण्यात ठरलं आणि ही वाटही बंद झाली. सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळता कामा नये, असा विरोधकांनी हट्ट धरला. मंडप जाळून टाकण्याची धमकी दिली गेली, असं बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नमूद केलं आहे. टिळक स्वागत समितीचे चिटणीस होते. या रणधुमाळीत त्यांनी ते पद सोडलं. रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. आगरकर हे पाहायला उरले नव्हते. त्याच वर्षी १७ जूनला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढणारं शहर हेच.

या मंडपाच्या भांडणापाशी मी पुन्हापुन्हा येतो, कारण मतभेदाचा पक्ष कसा होतो ते तिथे उघड दिसतं. तोवर कोणतं काम आधी, एवढाच प्रश्न होता. त्याच सुमारास सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांच्या मंडळींनी डेक्कन सभा काढली. वर्तमानपत्रं दोन, सभा दोन, माणसं दोन गोटांत. आता विधवेच्या प्रश्नावर नुसती हळहळ व्यक्त केली तरी तुम्ही अमक्यांचे, आणि सरकारच्या करधोरणावर बोट ठेवलं तरी तमक्यांचे. प्रश्नाला मालक मिळाला की समोरच्याला तो मोठा आहे असं कबूल करणंसुद्धा हार वाटू लागतं.

आजचंच पाहा. शेतकऱ्यांची कर्जमाफी हा महाराष्ट्रातला सर्वांत तातडीचा प्रश्न आहे, हे विरोधी बाकावर बसलेल्या प्रत्येक पक्षाला दिसतं. सत्तेत गेल्यावर त्याच पक्षाला आधी तिजोरी दिसते. २०१७ साली एका सरकारने सन्मान योजना आणली, २०१९ च्या अखेरीस दुसऱ्याने कर्जमुक्ती योजना; दोन्ही वेळी बाकांवरच्या माणसांनी नुसत्या जागा बदलल्या होत्या. कांद्याचं तर याहून विलक्षण आहे. शहरात कांदा महागला की तो राष्ट्रीय प्रश्न होतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली आणि ती ऐन निवडणुकीत, मे २०२४ मध्ये उठवली. लासलगावात भाव कोसळला की मात्र तो नाशिक जिल्ह्याचा प्रश्न राहतो. कांदा तोच, फक्त रडणारे डोळे वेगळे. राष्ट्र म्हणताना कुणाचं स्वयंपाकघर धरायचं आणि कुणाचं शेत वगळायचं, हे आधीच ठरून गेलेलं असतं.

पुण्याच्या मंडपात हे वगळणं दोन्ही बाजूंनी केलं होतं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणाची सुरुवात आंबेडकरांनी याच वादापासून केली. त्यांचं निदान असं, की सामाजिक परिषद हरली याचं एक कारण तिच्या आतच होतं. विधवाविवाह, बालविवाह हे प्रश्न उच्च जातींच्या कुटुंबांतले होते. कुटुंबाची सुधारणा वेगळी आणि समाजाची पुनर्रचना वेगळी. जातीला त्या परिषदेने हात घातला नाही. आधी काय, यावर भांडणारे दोघेही मंडपाच्या आत होते. बाहेर उभ्या असलेल्यांचा प्रश्न दोघांच्याही यादीत नव्हता.

बाहेर उभ्या असलेल्या जोतीराव फुल्यांनी क्रमाची चर्चा पैशांपासून सुरू केली होती. १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. बारा वर्षं! ज्या वयापर्यंत मुलीला निदान हात लावू नये, एवढ्यासाठी पुढे नऊ वर्षांनी समाज दुभंगला, त्या वयापर्यंत प्रत्येक मूल शाळेत असावं असं हा माणूस सांगत होता. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हा थाट म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असं त्यांनी राजपुत्राला सुनावलं. पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर जातो, हे पाहिल्याखेरीज कुठल्याही पक्षाचा अग्रक्रम कळत नाही. जाहीरनाम्यातला पहिला मुद्दा वाचण्याऐवजी मी अलीकडे अर्थसंकल्प वाचतो.

मंडपाचा वाद संपला न संपला तोच दुष्काळ आला आणि त्याच्यापाठोपाठ प्लेग. १८९६–९७ मध्ये लोकांपुढे काय आधी, हा प्रश्नच उरला नाही. इथे टिळकांना त्यांचं श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं. सरकारचाच दुष्काळी कायदा त्यांनी लोकांना समजावून सांगितला, सारा माफ करून घेणं हा तुमचा हक्क आहे असं गावोगाव कळवलं. हे राजकीय काम की सामाजिक? त्याच प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या.

मग प्रश्नाची पक्षाकडून सुटका होऊच शकत नाही का? माझ्या राज्याने हे एकदा करून दाखवलं आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो आठवते, सुकडी आठवते, उन्हात खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला आधीच प्रयोग करून पाहिलेली कल्पना होती, की मागेल त्याला काम. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा पैसे द्यायचे, आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा एकमताने संमत केला. तो काँग्रेसच्या राजवटीत मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला तेव्हा सत्तेवर पुरोगामी लोकशाही दल (पुलोद) ही आघाडी होती. सरकार बदललं, पक्ष बदलले, कायदा मागे पडला नाही.

हे सगळं उदात्त भावनेतून झालं असं मी म्हणणार नाही. रस्ते, बांध, पाझर तलाव यांचा लाभ मोठ्या बागायतदारालाही होत होता. मुंबईला येणारे लोंढे थोडे कमी होतील, ही आशा शहरालाही होती. डाव्या, समाजवादी पक्षांच्या मोर्च्यांचा रेटा होता. पुढे खोटी मस्टरं भरली गेली, मुकादमांनी पैसे खाल्ले, मजुरी आठवडेच्या आठवडे थकली. तरी त्या कायद्यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत सरकारने ते द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. कोणत्या तालुक्यात कुणाची गरज आधी, हे मंत्र्याने ठरवायचं नाही. गरज ज्याची आहे त्याने येऊन अर्ज भरला की क्रम लागला. ‘आधी कोण’ हे ठरवायचा अधिकार निदान कागदावर तरी मंडपाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आला. २००५ मध्ये देशाने शंभर दिवसांच्या हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा दाखला होता.

पक्षांनी अग्रक्रमावर भांडावं, त्यासाठीच ते असतात. माझी तक्रार मंडप नाकारण्याबद्दल आहे. दुसऱ्याचा प्रश्न खोटा ठरवायचा, तो मांडणाऱ्याचं राष्ट्रप्रेम तपासायचं, आणि ‘ही वेळ नव्हे’ असं सांगून त्याला घरी पाठवायचं. ही वेळ नव्हे असं कुणी म्हणालं की त्याने आपल्या घरचं कोणतं लग्न पुढे ढकललं आहे, हे मी विचारतो.

रखमाबाई तडजोडीनंतर इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. पुण्यात मंडपावरून हाणामारीची भाषा चालली होती त्या सुमारास त्या सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या होत्या. तिथे येणाऱ्या बाळंतिणींमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलीही असत. रखमाबाई त्यांना तपासत, औषध देत, आणि पुढच्या बाईला आत बोलावत.