मार्ग आणि चाकोरी

शास्त्रांत 'वाट', 'मार्ग' हे शब्द आपण इतक्या वेळां वाचतों कीं, त्यांचा अर्थ सर्वत्र एकच असावा असें वाटूं लागतें. परंतु नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत यासाठीं निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद जाणणें आमच्या वाचकांस हितकर होईल.

पहिला शब्द 'होदोस'. हाच सर्वांत अधिक आढळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत प्रभु स्वतःस मार्ग म्हणवितो, तेथें हाच शब्द आहे. दुसरा 'त्रिबोस'. घासणें, झिजविणें या अर्थाच्या धातूपासून तो निघाला; म्हणजे पुष्कळ पावलांनीं मळलेली वाट. तिसरा 'त्रोखिया'. हा सबंध नव्या करारांत एकदांच, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत (१२:१३) येतो. 'त्रोखोस' म्हणजे चाक. म्हणून 'त्रोखिया' म्हणजे चाकानें उमटलेली रेघ. मराठींत यास नेमका शब्द आहे, तो चाकोरी.

चाकोरी कशी पडते हें शेतकऱ्यास सांगावयास नको. ओल्या मातींतून पहिली गाडी जशी जाते, तशीं मागल्या गाड्यांचीं चाकें त्याच रेघेंत उतरतात. आणि ऊन पडलें म्हणजे ती रेघ दगडासारखी घट्ट होते. ग्रीस देशांत करिंथ शहराजवळ १९५६ ते १९६२ या काळांत एक प्राचीन फरसबंदी मार्ग खणून काढण्यांत आला. त्याच्या दगडांत चाकांच्या खोल खोबणी आजही दिसतात. गाड्या हांकणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. चाकोरी मात्र राहिली आहे.

आतां त्या वचनाकडे पाहूं. लेखक थकलेल्या मंडळीस सांगतो कीं, तुम्ही आपल्या पायांसाठीं सरळ चाकोऱ्या करा, म्हणजे जें लंगडें आहे तें उखळणार नाहीं, तर बरें होईल. हा उपदेश नीतिसूत्रांतून (४:२६) घेतला आहे. परंतु तेथें आज्ञा एकास आहे, येथें ती सर्वांस आहे. तेथें प्रत्येकानें स्वतःचें पाऊल जपावयाचें. येथें धडधाकटांनीं लंगड्यांसाठीं वाट नीट करावयाची.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ जण म्हणतात, "माझ्या वागण्याचा जाब मी देवास देईन, त्याशीं दुसऱ्याचा काय संबंध?" यांत थोडें सत्य आहे. परंतु लग्नाच्या घरीं मंडळीचा एक वडील केवळ भीड मोडवत नाहीं म्हणून घोटभर दारू घेतो. त्याचे पाय धड आहेत. तो नीट घरीं परततो. त्याच पंगतींत ज्यानें महिन्यापूर्वीं मोठ्या कष्टानें दारू सोडली, असा एक बसलेला असतो. तो त्या चाकोरींत पाय घालतो, आणि त्याचा पाय उखळतो. तसेंच, प्रीतिभोजनास पूर्वीच्या जातींप्रमाणें बसण्याची सोय एकदां कोणी सहज केली, तर पुढल्या पिढीस तीच मंडळीची रीत वाटते.

कोणी विचारील, चाकोरींतच चालणें हें निर्जीवपणाचें लक्षण नव्हे काय? होय, वांकड्या चाकोरीविषयीं हें खरें आहे. ती कितीही जुनी असो, ती सोडलीच पाहिजे. आणि तींतून चाक बाहेर काढावयास जोर लागतो. वचनांत जुनी चाकोरी धरून राहा असें सांगितलें नाहीं; सरळ चाकोरी करा असें सांगितलें आहे.

मार्ग करणें आपल्या हातीं नाहीं. तो प्रभूनें दिला आहे, किंबहुना तो स्वतःच मार्ग आहे. परंतु त्या मार्गावर चाकोरी पाडणें आपल्याच हातीं आहे, आणि ती आपण रोज पाडीत असतों, इच्छा असो वा नसो. म्हणून उपदेशकांनीं, वडिलांनीं व घरोघरच्या आईबापांनीं आपण स्वतः सुखरूप पोहोंचूं कीं नाहीं एवढेंच पाहून भागणार नाहीं. आपल्या मागून लंगडत कोण येत आहे, हें ओळखून त्यांनीं गाडी हांकावी.