नावातली माती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आंदर मावळातल्या आमच्या घरी यंदा नातवाचं बारसं होतं. हस्त नक्षत्राचा चौथा चरण, म्हणून अक्षर आलं 'ठ'. सूनबाईच्या मनात वेगळंच नाव होतं. मी हटून बसलो. ती पाळण्याशी डोळे पुसत राहिली. रात्री मला झोप लागेना.

पडल्या पडल्या एक वाचलेली चिनी कथा आठवली. तिकडे जन्मवेळेवरून काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल यांतलं काय उणं ते पाहतात आणि ते नावात घालतात. लू शुन यांच्या १९२१ सालच्या त्या कथेतला रुनथू अधिक महिन्यात जन्मलेला, पृथ्वीतत्त्व उणं; म्हणून नावात 'अधिक' आणि 'माती' दोन्ही घातले. तरी पुढे दुष्काळानं आणि करांनी तो पिचलाच.

आपल्याकडेही मुलं जगत नसली की दगडू, धोंडू ठेवीत. ही आईबापाची माया. तिला खोटं कोण म्हणेल? पण अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पाच पंचमहाभूतंच आहेत. अवधूतांनी ती नावात घातली नाहीत, आचरणात आणली. पृथ्वीची क्षमा घेतली, पाण्याची निर्मळता घेतली.

मग उणं कुणाचं? बाळाचं नव्हे, माझंच. मावळात पाऊस उदंड, ओलावा माझ्यात कमी.

सकाळी म्हटलं, "पोरी, अक्षराचं नाव पत्रिकेत राहू दे. हाक तुझ्या मनातल्या नावानं मार."

आता आरतीला उभा राहिलो की स्वतःलाच विचारतो, आज कोणतं तत्त्व उणं पडलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥